ढग होते, पाहिलं नाही

विहीणबाई,

तुमच्या अंत्यविधीला भाषण करायला जो माणूस बोलावला होता, त्यानं सांगितलं की तुम्ही आयुष्यभर ताऱ्यांकडे पाहिलंत. त्याला तुमच्याविषयी काही माहीत नव्हतं. तुम्ही वर कधी बघायचात? तुमची मान दुखायची. तुम्ही आयुष्यभर खाली पाहिलंत, टेबलावरच्या मातीच्या तुकड्याकडे, डावीकडून दिवा तिरका लावून. वर बघणारे ते बाबिलोनचे लोक, त्यांना जाऊन दोन हजारांवर वर्षं झाली. त्यांनी वर पाहून मातीवर लिहिलं आणि तुम्ही ते वाचलंत. एवढी साधी गोष्ट त्या गृहस्थाला नीट सांगता आली नाही.

मी मागे बसले होते. अवी कानाशी म्हणाला, "आई, दोन शब्द बोल. मी जर्मनमध्ये सांगतो." मी उठले नाही. तुमची लेक पुढच्या रांगेत होती आणि तिला माझे शब्द नको होते. हॉस्पिटलातल्या त्या संध्याकाळपासून काथरीन माझ्याशी कामापुरतं बोलत होती. आई, चहा. आई, मीराला आज उशीर होईल. भांडली असती तर बरं झालं असतं. इथली माणसं रागावली की फार नीट वागतात, त्याचा जास्त त्रास होतो.

राग कशाचा, ते तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल. तुम्ही विचारलंत चंद्र दिसला का, आणि मी नाही म्हटलं. मरणाऱ्या बाईला हो म्हणायला काय गेलं असतं, असं काथरीनचं म्हणणं. माझ्या मुलाचंही तेच. मी त्यांना काही समजावलं नाही. भांडण मुळात तुमचं आणि माझं होतं, तेव्हा उत्तरही तुम्हालाच देते.

अंत्यविधीनंतर सगळ्यांनी कॉफी घेतली, केक खाल्ला. खसखशीचा होता. तुम्ही करायचात तो बरा होता.

आपली पहिली भेट बार्शीला, मुलांच्या लग्नात. मुलाची आई मी. विहिणीच्या पंगतीत मानाचा पाट माझा. रांगोळी काढून, उदबत्ती लावून ठेवलेला. मी हात धुऊन येते तर तुम्ही त्या पाटावर बसून पुरणपोळी खाताय. वर मला म्हणालात, "या, बसा." माझ्या जावा तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीच मग तुम्हाला तूप वाढलं. त्या वेळी मनात म्हटलं, ही बाई जन्मात आपल्याला मान देणार नाही. मान तुम्ही दिलातही नाहीत. तुम्ही प्रश्न विचारायचात. ते मान देण्यापेक्षा जड होतं.

मीरा झाली तेव्हा मी बर्लिनला आले. मग अवीनं आउसलेंडरबेहोर्डेत, परदेशी लोकांच्या कचेरीत, खेटे घालून माझी कागदपत्रं केली आणि मी राहिलेच. दर रविवारी तुम्ही यायचात, केकचा डबा घेऊन. माझं जर्मन स्वयंपाकघरापुरतं, तुमचं मराठी त्याहून कमी. अडलं की मीराला हाक मारायची. ती दोघींकडे वैतागून बघायची आणि जर्मनमध्ये उत्तर द्यायची. तुमचं काम काय ते मला पहिली दोन-तीन वर्षं कळलंच नव्हतं. बहिणीला मी फोनवर सांगितलं होतं, विहीण फुटकी मडकी जोडते. ती म्हणाली, अगं बाई, एवढं वाईट आहे का तिकडे.

मग एकदा तुम्ही मला तुमच्या कामाच्या खोलीत नेलंत. निवृत्त झाला होतात, पण तिथली किल्ली तुम्ही परत केली नव्हती. माझ्या हातावर एक तुकडा ठेवलात. खरा नव्हे, नक्कल, हे आधी दोनदा सांगितलंत. दशमीचा मोडका तुकडा असावा तेवढा. त्यावर बारीक बारीक खुणा, कोंबडी ओल्या अंगणातून चालत गेल्यासारख्या. ओल्या मातीत बोरूचं टोक दाबून लिहायचे म्हणालात. मी विचारलं, काय लिहिलंय? देवाचं असेल असं मला वाटलं होतं. तुम्ही बोट न टेकवता वाचत गेलात. चंद्र अमुक ताऱ्याच्या पुढे होता. पहाटे धुकं. बार्ली एवढी मिळाली, खजूर एवढा, तीळ, लोकर. नदीचं पाणी इतकं चढलं. गावात लांडगा शिरला.

मी म्हटलं, "एवढंच? हे तर मी कॅलेंडरवर लिहिते."

तुम्ही कोट घातलात आणि माझं कॅलेंडर बघायला त्याच पावली घरी आलात. बार्शीहून दरवर्षी येतं ते कॅलेंडर, फ्रिजच्या शेजारी टांगलेलं. तुम्ही चष्मा पुसून एकेक चौकोन वाचायला लावलात.

"हे काय?"

"दूध नासलं."

"हे?"

"मीराला ताप. हे, गुळाची ढेप संपली. हे, ओल्या कचऱ्याची गाडी आली नाही."

"आली नाही, की तुम्ही पाहिली नाही?"

"डबा भरलेला होता. म्हणजे आली नाही."

"ते तुम्ही ताडलंत. पाहिलं नाहीत."

मी म्हटलं, मीरा, तुझ्या ओमाला, या आजीला, विचार, चहात साखर किती. विषय बदलायला हवा होता. पण तुम्ही सोडणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या मातीच्या तुकड्यांवर तुम्हाला सगळ्यांत आवडणारी ओळ कोणती, ते तेव्हा सांगितलंत. चंद्राची नाही, राजाची नाही. 'ढग होते, पाहिलं नाही.' म्हणे शेकडो वर्षं, पिढ्यामागून पिढ्या, ही ओळ परत परत येते. तुम्ही ती म्हणताना तुमचा आवाज जरा खाली यायचा, आमच्याकडे नामस्मरणाला येतो तसा. मला ते चमत्कारिक वाटलं. मी म्हटलं, जे दिसलंच नाही ते लिहायला माती कशाला वाया घालवायची? तुम्ही म्हणालात, त्यानं एकदा नाही दिसलं असं लिहिलं, म्हणून बाकीच्या दिवशी दिसलं लिहिलंय त्यावर मी विश्वास ठेवते. शास्त्र लिहिणं तिथून सुरू झालं, असं तुमचं म्हणणं. मी चौथी पास. मला शास्त्र म्हणजे काय ते शिकवायला कोणी बसलं नव्हतं. मला तो तुमचा हेका वाटला.

आणि तो हेका तुम्ही माझ्या संकष्टीला आणलात. हे मी विसरले नाही.

दिवसभराचा उपास. अवीनं फोनवर बर्लिनची चंद्रोदयाची वेळ बघून दिलेली. बाहेर हे ढग, इथल्या हिवाळ्यातले, गोधडीसारखे. वेळ झाली, मी खिडकीतून हात जोडले, आरती म्हटली, मोदकाचं ताट घेतलं. तुम्ही समोर.

"चंद्र पाहिलात?"

"उगवलाय."

"पाहिलात का?"

"विहीणबाई, वेळ झाली म्हणजे उगवला. ढगामागे आहे. कुठे जाणार तो?"

"पण पाहिलात का?"

मी ताट खाली ठेवलं. विचारलं, "तुमचे ते मातीवाले सकाळपासून उपाशी राहून बघत होते का?" काथरीन हसू दाबत होती. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, याची माहिती उपलब्ध नाही. त्यावर मी म्हटलं, आमच्याकडे न दिसलेल्या देवाला आधी जेवू घालतात आणि मग आपण जेवतात, तुमच्या नियमानं चाललो तर देवही उपाशी आणि आम्हीही. तुम्ही जेवलात मात्र चांगल्या. मोदक मोजले नाहीत, पण माझ्यापेक्षा जास्त खाल्लेत.

मी एकदा तुम्हाला पकडलंही होतं. तुम्हीच बोलून गेलात की पुढे पुढे त्या लोकांना चंद्राचं गणित आलं होतं, कोर कधी दिसणार ते आधी काढता यायचं. मी म्हटलं, झालं तर मग, तेही माझ्यासारखंच न बघता सांगायचे. तुम्ही म्हणालात, "हो. पण ते तसं लिहायचे. आकडा गणितातला मांडायचे आणि शेजारी लिहायचे, पाहिलं नाही." दोन्ही लिहायचे. मी भांडी घासायला उठले. तुम्हाला वाटलं असेल मी हरले. हरले नव्हते. विचार करत होते.

एका गोष्टीत आपलं जमलं. त्यांचा महिना अमावास्येनंतरची कोर दिसली की सुरू व्हायचा. आमची ती बीज. मी सांगितलं की बीजेच्या कोरीला आम्ही वस्त्राची दशी वाहतो, पदराच्या टोकाचा सुटा दोरा, आणि म्हणतो, जुनं घे, नवं दे. तुम्हाला ते बघायचंच होतं. जुन्या विमानतळाच्या मैदानावर गेलो, तिथे आभाळ मोकळं मिळतं. सूर्य नुकताच बुडालेला. पोरं पतंग गुंडाळत होती. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, मला लांबचं लख्ख दिसायचं. कोर मला आधी दिसली. मी बोट केलं, तुम्ही बराच वेळ शोधत राहिलात. मी साडीच्या पदराची दशी ओढून वर उडवली. तुम्ही विचारलंत, मी पण? मी म्हटलं, ओढा. तुमच्या अंगात ते करडं विणलेलं स्वेटर. तुम्ही बाहीचा धागा धरून ओढलात आणि तो येतच राहिला. मनगट उसवलं, अर्धी बाही उसवली, तरी तुम्ही ओढताय. मी थांबा थांबा म्हणेपर्यंत कोपर उघडं. उ-बानमध्ये, त्या भुयारी गाडीत, समोरची माणसं तुमच्या त्या लोंबणाऱ्या लोकरीकडे बघत होती आणि तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतात. मला विणकाम येत नाही. मी ती बाही गोधडी शिवतात तशी टाके घालून शिवून दिली, घरात होता त्या हिरव्या दोऱ्यानं. वाईट दिसत होती. नवं स्वेटर घ्या म्हटलं तर म्हणालात, दिलं की चंद्रानं, हेच नवं. त्यानंतर थंडीत तुम्ही दुसरं काही घातलेलं मला आठवत नाही.

तुम्ही मला एकदा म्हणालात की आता आपण 'डू' म्हणू या, अहो-जाहो पुरे. इथे हे मोठ्या माणसानं म्हणायचं असतं आणि तो मान असतो, हे मला अवीनं नंतर सांगितलं. मी नाही म्हटलं होतं. विहिणीला एकेरी हाक मारायची जीभ माझ्याकडे नाही. तुम्हाला त्याचं वाईट वाटलं का, विचारायचं राहिलं.

आता हॉस्पिटल.

तुमच्या शेवटच्या दुपारी काथरीन डॉक्टरांशी बोलायला गेली होती आणि आपण दोघीच होतो. तुम्ही हळू बोललात, मला कळावं म्हणून सोपे शब्द घेऊन. काथरीन लहानपणी शाळेतून तुमच्या कामाच्या खोलीत यायची आणि टेबलाखाली बसायची. आई मातीकडे बघते, माझ्याकडे नाही, हे तिचं लहानपणापासूनचं दुखणं. हे मला माहीत होतं. घरात भांडण झालं की ती हेच काढायची. तुम्ही म्हणालात, "ती म्हणते मी एकदाही पाहिलं नाही. मी रोज पाहायचे. दिव्याच्या उजेडात तिचे बूट दिसायचे. एक नाडी नेहमी सुटलेली. बोलले नाही. बोलले असते तर ती उठून गेली असती."

मी म्हटलं, "हे तिला सांगा." तुम्ही डोळे मिटलेत. सांगायचं काम माझ्यावर टाकलंत की काय, ते कळलं नाही. मी टाकलं असं धरलं.

संध्याकाळ झाली. फाल्गुनातली बीज होती. तुमच्या खोलीच्या खिडकीतून समोरची भिंत दिसायची, म्हणून मी खाली रस्त्यापर्यंत जाऊन बघून आले. ढग. वर आले तेव्हा तुम्ही जाग्या होतात. काथरीन तुमच्या उशाशी. तुम्ही मला विचारलंत, "मोंड?" चंद्र?

काथरीननं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणा, असं. स्पष्ट होतं ते.

मी म्हटलं, "वोल्केन. निश्त गेझेएन." ढग. नाही पाहिला.

काथरीन उठून बाहेर गेली. पहाटे तुम्ही गेलात.

इथे मला लिहिता आलं असतं की तुम्ही हसलात, की तुम्ही माझा हात दाबलात. पत्र बरं झालं असतं. अवीलाही बरं वाटलं असतं. पण मी तेव्हा तुमच्याकडे बघत नव्हते. मी दाराकडे, काथरीनच्या पाठीकडे बघत होते. परत वळले तोवर तुमचे डोळे मिटलेले. तुम्ही ऐकलंत की नाही, तेसुद्धा मला माहीत नाही. पाहिलं नाही.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. इथे माणूस गेल्यावर लगेच काही होत नाही, सगळं तारखा घेऊन. आमच्याकडे त्याच दिवशी नेतात, रडून मोकळं होता येतं. काथरीन ऑफिसला जात होती, येत होती. टेबलाखालची गोष्ट माझ्या पोटात. सांगायला गेले असते तर तिला वाटलं असतं, म्हातारी आता लाडीगोडी लावतेय, चूक सावरतेय. एकदा तोंडापर्यंत आली होती. मी तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली होती. तिनं थँक यू म्हटलं, आणि मी कढई धुवायला घेतली.

अंत्यविधीच्या दिवशी कॉफी-केक उरकून घरी आलो. अवी मीराला घेऊन खाली गेला. मी ओट्यापाशी होते. काथरीन आली, काळे कपडे तसेच. तिच्या हातात तुमचं ते करडं स्वेटर होतं. खुर्चीवर बसली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "आई, एक सांगा. तुम्ही तसं म्हणालात तेव्हा ममाचा चेहरा कसा झाला? मी बाहेर गेले होते."

मी सांगितलं, "मला माहीत नाही. मी तुझ्याकडे बघत होते."

"काहीच नाही पाहिलंत?"

"नाही."

ती बराच वेळ त्या हिरव्या टाक्यांवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, शांत होता चेहरा."

"असेलही शांत. मी पाहिलं नाही."

तेव्हा ती हसली. रडतही होती, पण आधी हसली. "तुम्ही दोघी," म्हणाली.

मला वाटलं, आता. मी हात पुसले आणि हॉस्पिटलातल्या दुपारची गोष्ट सांगितली, तुम्ही सांगितलीत तेवढीच. टेबल, दिवा, बूट, सुटलेली नाडी. बोलले असते तर ती उठून गेली असती, हेही. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

मी म्हटलं, "तुझ्या आईला मरताना मी खोटं बोलले नाही. तुला कशाला बोलू?"

ओट्यावरचं दूध वर आलं होतं, ते मी उतरवलं. मागून ती म्हणाली, "डाव्या बुटाची." मी विचारलं, काय? "नाडी. डाव्या बुटाची सुटायची. मला घट्ट बांधता यायची नाही."

विहीणबाई, तुमची ती ओळ मला त्या वेळी कळली. आधी नव्हती कळली, उगाच कशाला म्हणू. संकष्टीचं मात्र माझं मत बदललेलं नाही. ढग असले तरी मी वेळ झाली की जेवणार. फार तर कॅलेंडरवर शेजारी लिहीन, पाहिला नाही.

परवा पाडवा झाला. आम्ही गुढी उभारली नाही, या वर्षी राहू दे म्हटलं. तुम्ही सांगायचात की त्या लोकांचं वर्षही याच सुमाराच्या कोरीपासून सुरू व्हायचं, म्हणून काल काथरीन ऑफिसातून लवकर आली आणि मला मैदानावर घेऊन गेली. तुमचं स्वेटर तिच्या अंगात. बाहीला धागा बाहेर आलाच होता. तिनं तो दातांनी तोडला, ओढला नाही, शहाणी आहे. मी शिकवलं तसं म्हणाली, जुनं घे. पुढचं आम्ही दोघींनीही म्हटलं नाही.

घरी आल्यावर कॅलेंडरवर लिहिलं. जागा कमी असते, जेवढं मावलं तेवढं.

आभाळ स्वच्छ, वारा गार. कोर दिसली. आधी काथरीनला. बाजारात कोथिंबीर मिळाली नाही. नदीला पाणी किती ते माहीत नाही, तिकडे गेले नव्हते.